रानतोंडलीच्या पाल्याचा लेप

हा लेप खाजेवर लावायचा. आधी वेल ओळखा. फूल पांढरं, पाच पाकळ्यांचं. तणावा (वेल आधाराला गुंडाळते तो दोरा) एकेरी, फाटे न फुटलेला. पिकलेलं फळ लालभडक, लांबट. गोल फळावर पांढरे पट्टे दिसले तर ती विषारी शिवलिंगी, हात लावू नका.

आठ-दहा कोवळी पानं उकळून गार केलेल्या पाण्यात धुवा, पाणी न घालता वाटा. मनगटाच्या आत थोडं लावून 24 तास थांबा. आग झाली नाही तरच खाजेवर 15 मिनिटं लावा.

उघड्या जखमेवर नको: प्रयोगशाळेत जंतू रोखतो तो अल्कोहोलसारख्या द्रावकात काढलेला अर्क, वाटलेल्या पाल्यात उलट मातीतले जंतूच असतात. उरलेला लेप फेका. गजकर्णाला औषधच लागतं. आणि मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना पाल्याचा रस पिऊ नका, साखर एकदम उतरू शकते.