इंग्लंडमधला पहिला वसंत: नव्याने आलेल्या कुटुंबांसाठी

मार्चच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळे एक तास पुढे जातात, गुढीपाडवाही साधारण त्याच दिवसांत येतो, आणि संध्याकाळी उशिरापर्यंत रेंगाळणारे ऊन पाहून आता बागेत काहीही लावता येईल असे वाटू लागते. मात्र त्या उन्हावर विसंबून दुधीची किंवा टोमॅटोची रोपे बाहेर काढू नयेत. दक्षिण इंग्लंडमध्ये मेच्या मध्यापर्यंत आणि उत्तरेकडे त्याहूनही उशिरापर्यंत एखाद्या रात्री फ्रॉस्ट, म्हणजे दव गोठवणारी थंडी, पडू शकतो, आणि तेवढ्या एका रात्रीत ही कोवळी रोपे जळून जातात. एप्रिलमध्ये त्यांचे बी घरातल्या खिडकीशी कुंडीत रुजवावे आणि रात्री खात्रीने उबदार झाल्यावरच, म्हणजे मेअखेरीस किंवा जूनमध्ये, ती बाहेर लावावीत.

याउलट, मेथी आणि कोथिंबीर यांना हा थंडावा मानवतो, म्हणून पहिल्या वर्षी सुरुवात त्यांच्यापासूनच करावी, असा माझा आग्रह आहे. स्वयंपाकघरातली मेथी रात्रभर भिजवून एप्रिलमध्ये पसरट कुंडीत दाट पेरली, तर साधारण सहा आठवड्यांत भाजीजोगी पाने मिळतात. धणे हलके रगडून त्यांच्या दोन फाका कराव्यात आणि जिथे कोथिंबीर हवी तिथेच पेराव्यात; ती उपटून दुसरीकडे लावली किंवा ऊन तापून माती कोरडी पडली, की लगेच फुलावर येते. एकदम सारे धणे न पेरता दर दोन-तीन आठवड्यांनी मूठभर पेरत राहिल्यास ताजी पाने मिळत राहतात. घर भाड्याचे असेल तर जमीन खणण्यापूर्वी घरमालकाची परवानगी घ्यावी. कुंड्यांना सहसा कोणाची हरकत नसते.

मुलांसाठी मात्र बटाट्यासारखे पीक नाही. बियाण्याचे बटाटे अंड्यांच्या रिकाम्या ट्रेमध्ये उजेडात ठेवून त्यांना कोंब आणणे, ते मोठ्या पिशवीत लावणे, रोप वाढेल तशी माती चढवत जाणे, आणि लवकर तयार होणाऱ्या जातीचे असतील तर जून-जुलैमध्ये ती पिशवी रिकामी करून मातीत बटाटे शोधणे, हे सारे लहान मुलांनाही स्वतःच्या हातांनी करता येते.

बाजारातही या दिवसांत डोळे उघडे ठेवावेत. इथल्या ॲस्परॅगसचा, म्हणजे कोवळ्या कोंबांच्या भाजीचा, हंगाम परंपरेने 23 एप्रिल ते 21 जून असा मानला जातो, आणि शेतातून नुकत्याच आलेल्या जुड्यांची चव एरवी परदेशातून येणाऱ्या जुड्यांना नसते. जिरे-लसणाच्या फोडणीवर त्याची परतून केलेली भाजी दोन मिनिटांत होते. रूबार्बचे लालसर दांडे इतके आंबट असतात की आमटीत चिंचेऐवजी खुशाल घालावेत. त्याची पाने मात्र विषारी असतात, ती काढून टाकावीत. ओलसर रानात उगवणाऱ्या रानलसणाच्या पानांची चटणी उत्तम होते, पण लिली ऑफ द व्हॅली या विषारी वनस्पतीची पाने तशीच दिसतात. शिवाय एकदा हाताला लसणाचा वास लागला की पुढचे प्रत्येक पान तसेच वासाचे भासते. म्हणून जाणकार सोबत असल्याशिवाय ती खुडू नयेत.

एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीस जुन्या रानांत ब्लूबेल ही निळी रानफुले फुलतात, आणि हे दृश्य आजी-आजोबा आले असतील तर त्यांना आवर्जून दाखवावे. पायवाट सोडून फुलांत शिरू नये, कारण तुडवलेल्या पानांचा कंद पुढची काही वर्षे नीट फुलत नाही. शिवाय 1981च्या कायद्यानुसार जमीनमालकाच्या परवानगीविना कोणतीही रानवनस्पती मुळासकट उपटणे गुन्हा आहे. शेतांमधून जाणाऱ्या सार्वजनिक पायवाटा पिवळ्या बाणांनी दाखवलेल्या असतात आणि त्यांवरून चालण्याचा हक्क सर्वांना आहे. या दिवसांत कुरणात कोकरे असतात, तेव्हा उघडलेले फाटक लावून घ्यावे. उंच गवतातून परतल्यावर मुलांच्या गुडघ्यांमागे आणि केसांत गोचीड नाही ना, हे पाहावे. चावल्या जागी पुढच्या काही आठवड्यांत पसरत जाणारा लाल चट्टा दिसला, तर लगेच जीपीला, म्हणजे आपल्या भागातल्या नेहमीच्या डॉक्टरांना, दाखवावे.

ज्यांच्या घराला अंगण नाही, त्यांनी आपल्या कौन्सिलच्या ॲलॉटमेंटच्या, म्हणजे भाजीपाला पिकवण्यासाठी भाड्याने मिळणाऱ्या वाफ्यांच्या, प्रतीक्षायादीत आताच नाव घालावे. पूर्ण वाफा परंपरेने दहा रॉडचा, म्हणजे सुमारे 250 चौरस मीटरचा असतो. नोकरी सांभाळणाऱ्या कुटुंबाला अर्धा पुरतो, म्हणून अर्जात तसे स्पष्ट लिहावे. अनेक ठिकाणी पाळी यायला काही वर्षे लागतात, आणि नेमके म्हणूनच हा अर्ज घर लावून होईपर्यंत पुढे ढकलू नये.