औषध नंतर, आधी पिसवा

कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत धान्याचं दुकान आहे आणि उंदीर नाहीत, असं कुणी म्हणालं तर खुशाल थाप समजा. पावसाळा लागला की आजूबाजूचे विचारत येतात, "वैनी, औषध कुठलं घालू?" माझं उत्तर ठरलेलं: औषध नंतर, आधी पिसवा मारा.

उंदीर मेला, अंग गार पडलं की त्याच्यावरच्या पिसवा दुसरं गरम अंग शोधायला निघतात. जवळ दुसरा उंदीर नसला तर आपण आहोतच! प्लेग पसरण्यात पिसवांचा हात आहे, हे 1898 साली सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं कराचीत दाखवलं. आपल्या जुन्या माणसांना मात्र उंदीर पटापट पडू लागले की घर सोडून माळावर खोप घालायची, एवढं कळत होतं. प्लेग आता इकडं दिसत नाही. 1994 ला बीडकडं आणि सुरतेत आला होता. पण पिसवांपासून टायफसचा तापही येतो. पिसू चावते, शेजारी घाण टाकते आणि ती आपणच खाजवून कातडीत घालतो.

पिसवा आहेत का, ते असं बघा. पांढरे मोजे गुडघ्यापर्यंत ओढून गोदामात कडेकडेनं सावकाश फिरा. तिळाहून बारीक, काळपट ठिपका टुणकन मोज्यावर आला की समजा. रात्री जमिनीवर परातीत साबणाचं पाणी ठेवून वर दिवा लावला तर सकाळी त्यात बुडालेल्या सापडतात. त्यानं संपत नाहीत, फक्त कळतं.

मग पोती फळ्यांवर घ्या, भिंतीपासून हातभर लांब. फरशीच्या फटीतली धूळ काढाच, अंडी-अळ्या तिथंच असतात. उंदरांच्या लेंड्या कोरड्या झाडू नका. ब्लीचचं पाणी शिंपडून, भिजू देऊन, हातमोजे घालून पुसा. पिसवा मारायची पर्मेथ्रिनची पावडर बिळांच्या तोंडाशी आणि भिंतीकडेच्या वाटेवर टाका, धान्यापासून लांब. दुकानात मांजर असेल तर ही पावडर नको, मांजराला ती विष आहे. जनावरांच्या डॉक्टरांना विचारून दुसरं काही घ्या.

पिंजरा त्यानंतर. धान्याच्या दुकानात उंदराचं पोट भरलेलंच असतं, भज्याचं त्याला काय कौतुक? त्याला पाणी मिळत नाही. काकडीची फोड नाहीतर टोमॅटो लावा. सुरुवातीला पिंजरा न लावता नुसता उघडा ठेवा, नव्या वस्तूला उंदीर बिचकतो. सापडलेला उंदीर पुढच्या गल्लीत सोडणारे महाभाग आमच्याकडंही आहेत.

संध्याकाळी बिळात कागदाचा बोळा कोंबा. सकाळी बाहेर पडलेला दिसला तर आत वस्ती आहे. रिकामी बिळं काचेचे तुकडे घालून सिमेंटनं बुजवा. पेन्सिल जाईल एवढ्या भोकातून उंदराचं पिल्लू सहज शिरतं.

मेलेला उंदीर उघड्या हातानं उचलू नका, दुहेरी पिशवीत बांधा. एकाएकी बरेच मेलेले दिसले तर हातच लावू नका, महापालिकेच्या आरोग्य विभागाला कळवा. घरात कुणाला ताप, डोकेदुखी, अंगावर पुरळ आली तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता उंदीर-पिसवांचं सांगा. टायफसवर औषध आहे, वेळेत सुरू झालं पाहिजे. तापासोबत जांघेत नाहीतर काखेत दुखरी गाठ आली तर त्याच दिवशी सीपीआर, म्हणजे आपला मोठा सरकारी दवाखाना, गाठा.