डीबगरचं मॅन्युअल एआय एजंटला पुरतं का, हे कसं तपासावं

डीबगर म्हणजे चालता प्रोग्रॅम मधेच थांबवून त्यातली चूक शोधायचं साधन. तो वापरणारा माणूस मॅन्युअल अर्धंच वाचतो. बाकीचं तो पडदा बघून शिकतो. मजकूर अडला की एंटर, प्रश्न आला की 'वाय', काहीच कळेनासं झालं की कंट्रोल-सी. एआय एजंटच्या हाताला ही सवय नसते. तो कमांड पाठवतो आणि परत येईल तेवढाच मजकूर वाचतो. त्यामुळे आपल्याला सुरेख वाटलेलं मॅन्युअल एजंटच्या हातात लंगडं पडू शकतं. ते नुसतं वाचून ठरवता येत नाही, एजंटकडून काम करून घेऊनच ठरवावं लागतं. उदाहरणासाठी जीएनयू प्रकल्पाचा जीडीबी हा डीबगर घेऊ. लिनक्सवर सी किंवा सी-प्लस-प्लस लिहिणाऱ्या बहुतेकांना तो माहीत असतो.

१. डीबगर उघडल्याशिवाय सुटणार नाही असा प्रश्न निवडा

चाचणी सर्वांत जास्त इथेच फसते. नल पॉइंटरमुळे (कुठेच न दाखवणाऱ्या पत्त्यामुळे) कोसळणारा छोटा प्रोग्रॅम दिला, तर एजंट कोड वाचूनच चूक सांगून मोकळा होतो. डीबगर उघडलाच जात नाही, मग मॅन्युअलची परीक्षा कसली?

त्यापेक्षा एका फाइलमधले मोठमोठे आकडे वाचून ३२ बिटांच्या साइन्ड (ऋण आकडेही ठेवू शकणाऱ्या) चलात बेरीज करणारा सी प्रोग्रॅम लिहा. अशा चलात जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ मावतात. त्यापुढे बेरीज गेली की प्रत्यक्षात ती बहुधा ऋण होते. ऑप्टिमायझेशन बंद ठेवा, डीबगची माहिती घालून कंपाइल करा, आणि विचारा: "बेरीज पहिल्यांदा ऋण झाली तेव्हा फाइलमधली कितवी ओळ वाचून झाली होती?" उत्तर तुम्ही आधी स्वतः काढून ठेवा. एजंटला फक्त जीडीबी वापरायची मुभा द्या. पुन्हा कंपाइल करायचं नाही, मधे प्रिंट घालायचं नाही, वेगळी स्क्रिप्ट लिहून बेरीज करायची नाही. आता त्याला अट घातलेला ब्रेकपॉइंट (ठरलेल्या ओळीवर प्रोग्रॅम थांबवणारी खूण) किंवा वॉचपॉइंट (चलाची किंमत बदलली की थांबवणारी खूण) लावावाच लागेल.

२. आधी मॅन्युअल न देता चालवा

जीडीबी १९८६ पासून आहे आणि इंटरनेटवर त्याच्याबद्दल ढिगाने लिहिलेलं आहे. एजंटमागच्या एआय मॉडेलला त्यातलं बरंचसं आधीच पाठ असतं. म्हणून तोच प्रश्न आधी मॅन्युअलशिवाय विचारा, मग मॅन्युअल देऊन, प्रत्येक वेळी नव्या सत्रात. एकाच वेळच्या निकालावर विसंबू नका, एजंट दर खेपेला वेगळ्या वाटेने जातो. दोन्हींतला फरक हीच मॅन्युअलची कमाई. तुमच्या कंपनीने घरच्या घरी लिहिलेला डीबगर असेल, तर मॅन्युअलशिवाय एजंट जवळपास आंधळाच असतो आणि सगळा भार मॅन्युअलवर येतो.

३. उत्तरापेक्षा कमांडची नोंद वाचा

बरोबर उत्तर कधी कधी आडवाटेनेही येतं. नोंदीत तीन जागा शोधा: एजंट कुठे वाट बघत राहिला, कुठे अस्तित्वातच नसलेली कमांड मारली, आणि एका ओळीसाठी कुठे अख्खा अध्याय वाचला.

वाट बघण्याचं कारण बहुतेकदा पानं पाडणं असतं. एजंटला खऱ्यासारखं टर्मिनल दिलेलं असेल, तर लांबलचक बॅकट्रेस (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं त्याची यादी) मधेच थांबतो आणि 'पुढे बघायला रिटर्न दाबा' अशा अर्थाची ओळ येते. यावरचा उपाय जीडीबीच्या मॅन्युअलमध्ये आहे. 'बॅच' पर्याय दिला की पानं पाडणं बंद होतं, खात्री विचारणारे प्रश्नही बंद होतात, आणि दिलेल्या कमांड संपल्या की जीडीबी स्वतःहून बाहेर पडतो. एजंटसाठी एवढं मोलाचं वाक्य मॅन्युअलमध्ये क्वचितच दुसरं असेल. पण ते आहे डीबगर सुरू करताना द्यायच्या पर्यायांत. ब्रेकपॉइंटचा अध्याय उघडून बसलेल्या एजंटला ते दिसत नाही. म्हणून माहिती आहे की नाही एवढ्यावर थांबू नका, ती लागते त्या पानावर आहे का हेही बघा.

४. नुकसान करणाऱ्या कमांडची पानं स्वतः वाचा

ही पायरी एजंटवर सोपवू नका. चालू प्रोसेसला जीडीबी जोडला की तो आधी ती प्रोसेस थांबवतो. चालत्या सर्व्हरवर याचा अर्थ काय होतो, हे वेगळं सांगायला नको. 'प्रिंट' नावाची कमांड निरुपद्रवी वाटते, पण तिच्यात 'एक्स बरोबर ४' असं लिहिलं तर चलाची किंमत खरोखर बदलते. तिच्यातून प्रोग्रॅममधलं फंक्शनही चालवता येतं. आणि इनपुट टर्मिनलवरून येत नसेल, तर खात्री विचारणाऱ्या प्रश्नाला जीडीबी स्वतःच 'हो' असं उत्तर देतो आणि तसं कंसात छापतो. माणसाला सावध करायला ठेवलेला प्रश्न तिथे कुणालाच सावध करत नाही. असे परिणाम कमांडच्या वर्णनातच लिहिलेले आहेत का, ते बघा. दुसऱ्या अध्यायात लिहिले असतील तर एजंटच्या दृष्टीने ते लिहिलेलेच नाहीत.

५. आवृत्ती जुळवा

डीबग ॲडॉप्टर प्रोटोकॉलची (एडिटर आणि डीबगर यांनी एकमेकांशी बोलायच्या ठरलेल्या पद्धतीची) सोय जीडीबीत आली १४व्या आवृत्तीत, २०२३ च्या डिसेंबरमध्ये. उबुंटू २२.०४ या लिनक्ससोबत येते १२वी आवृत्ती. ताजं ऑनलाइन मॅन्युअल वाचून एजंट जुन्या मशीनवर ती सोय मागेल आणि अडेल. कोणती सोय कोणत्या आवृत्तीपासून आहे, हे त्याच पानावर नसेल तर नोंद करा. एजंटसाठी वेगळी अनुक्रमणिका किंवा मार्कडाउन पानं असली तर छानच, पण त्यांतही ही तपासणी चुकत नाही.

६. गुण देऊ नका, वाक्यं लिहा

'दहापैकी सहा' असं लिहून कुणाचंच काम होत नाही. प्रत्येक अडखळण्यापुढे कोणत्या पानावर कोणतं वाक्य हवं होतं ते लिहा. उदाहरणार्थ, ब्रेकपॉइंटच्या पानावर: "कीबोर्डवर कुणी नसेल तर बॅच पर्यायाने चालवा." मॅन्युअलच्या प्रतीत ती वाक्यं घाला आणि चाचणी पुन्हा घ्या. या खेपेला प्रोग्रॅम आणि प्रश्न दोन्ही बदला. नाहीतर तुमची वाक्यं फक्त त्या एका बेरजेपुरतीच उपयोगी आहेत की काय, हे कळायचं नाही.