जुन्या संगिनीचे पाते आणि म्यान एकाच जोडीचे आहे का?

साताऱ्याकडे, विशेषतः अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांत, दुसऱ्या महायुद्धातून आणलेली जर्मन संगीन किंवा खंजीर एखाद्या घरी असू शकतो. तो विकत घ्यायचा झाल्यास आधी नंबर जुळवा. एस ८४/९८ या, जर्मन सैनिकाच्या बंदुकीला लावायच्या संगिनीवर पात्याच्या मुळाशी कारखान्याची खूण असते, आणि अनुक्रमांक पात्यावर व म्यानावर दोन्हीकडे ठोकलेला असतो. उजेडात भिंग धरून आकडा आणि खालचे अक्षर दोन्ही वाचा. नुसता आकडा जुळून भागत नाही, अक्षर वेगळे असेल तर म्यान दुसऱ्याचे.

अधिकाऱ्यांच्या खंजिरावर असा नंबर सहसा नसतो. तिथे धातू बोलतो. लुफ्तवाफेच्या, म्हणजे जर्मन हवाई दलाच्या, १९३७ च्या नमुन्याच्या खंजिरांची परज (मूठ आणि पात्यामधली आडवी पट्टी) आणि टोपी सुरुवातीला ॲल्युमिनियमची, नंतर जस्ताच्या मिश्रधातूची. जस्त जड लागते, काळपट राखाडी पडते. परज हलकी, पांढरट आणि मुठीवरची टोपी राखाडी असेल, तर शंका घ्या. झीजही बघा: मूठ गुळगुळीत झालेली आणि परजेचे कंगोरे मात्र धारदार, हे एका हाताच्या वापराने होत नाही. परज आणि पात्याच्या खांद्यामध्ये फट दिसली, तर भाग बदलल्याचा संशय अधिक बळावतो.

मुठीची टोपी फिरवून उघडण्याचा मोह मात्र आवरा. कडक झालेले आटे तुटतात. आणि कृपा करून ब्रासो लावू नका, जुना काळसर थर हाच तुमचा पुरावा आहे.