पर्यावरणाच्या संस्थेत पीआरला लागलात? मग आधी हे वाचा

पर्यावरणावर काम करणाऱ्या संस्थेत पीआरची नोकरी लागली की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी म्हणतं, "आपलं काम एवढं मोठं आहे पण पेपरात काही येतच नाही, तेवढं बघा जरा." आणि नवीन माणूस लगेच प्रेसनोट पाडायला बसतो. बसू नका. इथं आधी कळावं लागतं ते काय छापून येऊ द्यायचं नाही ते, कारण कंपनीत बातमी चुकली तर ब्रँडची शोभा होते, इथं बातमी चुकली तर एखाद्या पक्ष्याच्या घरट्यापाशी शंभर कॅमेरे जमतात नाहीतर फील्डवरच्या पोरांची परमिशन अडकते.

त्यामुळे आधी फील्डवर जाऊन राहा. एका दिवसाची गाडीतली व्हिजिट नव्हे, मुक्काम करा. संस्थेला गावात कोण मानतं, कोण चिडून आहे, वनखात्याचा आरएफओ (वनपरिक्षेत्र अधिकारी) कोण आणि त्याच्याशी आपलं सध्या बरं चाललंय का, हे अॅन्युअल रिपोर्टात कधीच नसतं, ते चहाच्या टपरीवर कळतं. ऑफिसात परत आल्यावर पहिलं काम म्हणजे फेसबुक, इन्स्टा आणि यूट्यूबचे पासवर्ड कुणाकडे आहेत ते शोधा (बहुतेक वेळा पाच वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या व्हॉलंटियरच्या पर्सनल मेलवर असतात).

आता एक उदाहरण नीट बघू. पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर, आंबेगाव पट्ट्यात ऊसतोड सुरू झाली की फडात बिबट्याची पिल्लं सापडतात. तोड थांबते, कुणीतरी फोन लावतो, वनखात्याची गाडी येते, डॉक्टर पिल्लं तपासतात आणि अंधार पडायच्या सुमारास ती क्रेटमध्ये घालून त्याच जागी ठेवतात म्हणजे आई येऊन घेऊन जाते. यात तुमच्या संस्थेची पोरं असली तर रात्री तुमच्या व्हॉट्सअॅपवर फोटो येणार, आणि त्यातला सगळ्यात गोड फोटो हमखास कुणाच्या तरी मांडीवर बसलेल्या पिल्लाचा असणार. तो व्हायरल होईल याची गॅरंटी. तरी तो द्यायचा नाही. बिबट्या वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या शेड्यूल १ मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत येतो, त्याला असं हाताळणं हा सेल्फीचा विषय नाही, आणि पेपरात तो फोटो बघून पुढच्या फडातला माणूस पिल्लू उचलून घरी नेतो हा खरा धोका. ट्रॅप कॅमेऱ्यात आई पिल्लू तोंडात धरून नेताना आली असेल तर ती फ्रेम द्या. गावाचं नाव नको, तालुका पुरे, आणि फोटोतलं लोकेशन काढून टाका. बातमीत वनखात्याचं नाव आपल्या आधी, आणि पाठवायच्या आधी आरएफओला एक फोन. यात कमीपणा काही नाही, उद्या परत त्याच जंगलात काम करायचंय.

मग पत्रकार विचारणारच, "पकडून लांब जंगलात का सोडत नाही?" याचं उत्तर तयार ठेवा. जुन्नर भागात २००० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत बिबटे पकडून दुसरीकडे सोडले गेले आणि त्यानंतर हल्ले कमी व्हायच्या ऐवजी वाढले, हे वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात आलंय. पण ज्या घरातलं माणूस गेलंय त्या गावात उभं राहून हा अभ्यास सांगायचा नाही आणि 'सहजीवन' वगैरे तर तोंडातूनसुद्धा काढायचं नाही. तिथं भरपाई कधी मिळणार, पिंजरा लागणार का, पोरांनी शाळेत जायचं कसं, एवढंच बोला.

प्रेसनोटचं म्हणाल तर ती लेटरहेडवरची सही-शिक्क्याची पीडीएफ पाठवायची सवय सोडा, डेस्कवरच्या माणसाला त्यातून मजकूर कॉपी करता येत नाही आणि तो परत टाइप करत बसणार नाही. युनिकोडमध्ये, सरळ मेलच्या बॉडीत. दुपारी दोन-तीनच्या आत. पहिल्या दोन ओळीत काय झालं ते, अध्यक्षांचं मनोगत शेवटी, म्हणजे जागा कमी पडली तर तेच उडेल. फोटोओळीत डावीकडून नावं. आणि तालुक्याच्या वार्ताहराला विसरू नका, पुण्या-मुंबईच्या इंग्रजी पेपरात अर्धं पान आलं तर डोनर खूश होतो, पण तहसीलदार वाचतो ती जिल्हा आवृत्ती.

संस्थेतले शास्त्रज्ञ प्रत्येक वाक्यात 'शक्यता आहे' घालणार आणि पत्रकाराला 'होणार' हवं असतं, तुम्ही मधे सापडणार. शास्त्रज्ञाच्या बाजूने राहा. मे २०२४ मध्ये घाटकोपरला एमिरेट्सच्या विमानाला धडकून जवळपास ४० फ्लेमिंगो मेले तेव्हा रात्रीतच कारणं फिरायला लागली. अशा वेळी फोन घ्यायचा आणि तीनच गोष्टी सांगायच्या: आत्ता नक्की काय माहितीय, काय माहीत नाही, आणि पुढचं कधी सांगू. कारणाचा अंदाज अजिबात नको, तुमचा अंदाज दुसऱ्या दिवशी 'तज्ज्ञांचं मत' म्हणून छापून येतो.

एक काम कुणी सांगणार नाही पण ते तुमचंच आहे. २००६ च्या ईआयए (पर्यावरणावरच्या परिणामांचं मूल्यांकन) अधिसूचनेप्रमाणे मोठ्या प्रकल्पाची जनसुनावणी असली की प्रदूषण नियंत्रण मंडळाला पेपरात किमान ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि प्रकल्पाचा सारांश स्थानिक भाषेतही ठेवावा लागतो. ती नोटीस बारीक अक्षरात कुठल्यातरी आतल्या पानावर असते. रोज बघा, कापा, ग्रामपंचायतीच्या ग्रुपवर टाका, सारांश वाचून त्यातलं पाण्याचं आणि जमिनीचं पान सोप्या मराठीत एका कागदावर आणा. माझ्या मते पन्नास कात्रणांपेक्षा हे जास्त कामाचं, कारण सुनावणीत लोक काय बोलले ते इतिवृत्तात जातं. प्रकरण एनजीटीत (राष्ट्रीय हरित लवादात) असेल तर मात्र वकिलाला विचारल्याशिवाय एक ओळही बाहेर नको.

पैशाचं थोडक्यात. सीएसआरवाली (सामाजिक जबाबदारीचा निधी देणारी) कंपनी बॅनरवर मोठा लोगो मागणार, कधी तिचंच सांडपाणी तुमच्या नदीत येत असणार, तेव्हा कुणाबरोबर फोटो काढायचा आणि कुणाबरोबर नाही हे ट्रस्टींकडून आधीच लेखी घ्या. परदेशी निधी असेल तर एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्यात प्रशासकीय खर्चाला २० टक्क्यांची मर्यादा आहे, तुमचा पगार आणि छपाई कुठल्या खात्यात पडते ते अकाउंटंटला पहिल्याच महिन्यात विचारून घ्या, नाहीतर मार्चमध्ये तुमचंच बजेट आधी कापतील.

आणि ५ जूनला, पर्यावरण दिनाला, प्रेसनोट पाठवू नका. त्या दिवशी बँकेपासून पतपेढीपर्यंत सगळे झाडं लावत असतात. जुलैमध्ये पाठवा, त्यातली किती जगली ते मोजून.