आरजीबी लावताय? आधी पिना मोजा
भावांनो, पीसीत आरजीबी म्हणजे रंगीत लाईटिंगची हौस मलापण लई आहे, कोण काय म्हणंना, रात्री खोलीतला दिवा घालवून काचेतनं फॅन फिरताना बघायला जे भारी वाटतं ते वाटतंच. फक्त एलईडीची स्ट्रिप (पट्टी) जोडायच्या आधी मदरबोर्डवरचं हेडर, म्हणजे लाईटची वायर लावायची पिनांची जागा, नीट बघा. ४ पिनांचं असेल तर ते १२ व्होल्टचं साधं आरजीबी, सगळी स्ट्रिप एका वेळी एकाच रंगात. ३ पिना आणि मधली एक जागा रिकामी, म्हणजे ५ व्होल्टचं एआरजीबी, त्यात एकेका एलईडीला वेगळा रंग देता येतो. ५ वाली स्ट्रिप १२ वर लागली की एलईडी जळतात, राजारामपुरीतल्या मित्राची कोरी स्ट्रिप माझ्या डोळ्यांदेखत अशीच गेली, एकदा लख्ख पेटली आणि खेळ खल्लास. जोडताना पीसी बंद आणि प्लग काढलेला पाहिजे.

रंग ज्याचा त्यानं ठरवावा, पण मला तो इंद्रधनुष्य मोड दोन दिवसात डोळ्यात खुपायला लागला. आता एकच केशरी ठेवलाय, संध्याकाळी रंकाळ्याच्या पाण्यावर येतो तसला, ब्राइटनेस ३० टक्के, रॅमची लाईट बंद. काचेवरची धूळ तेवढी पुसत जा, उजेडात लगेच दिसते.