गिअर ऑइल बदलताना आधी भरण्याचा बोल्ट उघडावा
मॅन्युअल गिअरबॉक्समधील ऑइल घरी बदलायचे असल्यास, निचऱ्याचा खालचा बोल्ट सोडवण्यापूर्वी ऑइल भरण्याचा बाजूचा बोल्ट निघतो की नाही, हे पाहावे. तो गंजून अडकला असेल आणि जुने ऑइल वाहून गेले असेल, तर गाडी चालवून गॅरेजपर्यंतही नेता येत नाही. ऑइल कोमट असताना गाडी समतल उचलून स्टँडवर ठेवावी. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नये. निचऱ्याच्या बोल्टला चुंबक असल्यास त्यावर राखाडी, मऊ लगदा दिसतो. ती नेहमीची झीज असते, धातूचे तुकडे मात्र काळजीचे. ऑइल निवडताना ७५डब्ल्यू-९० हा दाटपणा दाखवणारा आकडा तेवढा पाहणे पुरेसे नाही, कारण जीएल-५ या प्रकारच्या ऑइलमध्ये गंधक-फॉस्फरसयुक्त घटक जीएल-४ प्रकारापेक्षा जास्त असतात आणि ते काही गिअरबॉक्समधील पितळी सिंक्रोनायझर रिंगांना (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्यांना) बाधू शकतात. म्हणून गाडीच्या माहितीपुस्तिकेतील प्रकारच घ्यावा. नवा वॉशर घालून खालचा बोल्ट घट्ट करावा. बहुतेक गिअरबॉक्समध्ये भरण्याच्या छिद्रातून ऑइल ओघळू लागले, की पातळी पुरेशी झाली असे समजावे.